मालवा मिल चौराह्यापासून पुढे

इंदूरला आलेला पाहुणा राजवाडा पाहतो, लालबाग पाहतो, काचमंदिरातील प्रतिबिंबे मोजता मोजता थकतो, रात्री सराफ्यात उभ्याने भुट्ट्याचा कीस खातो आणि दुसऱ्या दिवशी उज्जैन किंवा ओंकारेश्वराच्या गाडीत बसतो. आम्हां इंदूरकर मराठी मंडळींचे इंदूर तरी याहून कितीसे मोठे आहे? रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, फार तर सुदामानगर. एक वाचनालय, दोन नाट्यमंडळे, गणपती आणि कोजागिरी. राजवाड्यापासून जेमतेम तीन किलोमीटरांवर एक वेगळे इंदूर वसले आहे. तेथे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसांना रोजगार कसा मिळाला, कसा गेला आणि त्यानंतर त्यांनी कसे दिवस काढले, हे पाहण्याची सवड आपल्यापैकी फारच थोड्यांना मिळाली असेल. आमचा उदरनिर्वाह त्याच भागातील एका सरकारी शाळेत होत असल्यामुळे ही वाट आमच्या पायांखालची झाली आहे. आज वाचकांना त्या वाटेने नेण्याचा विचार आहे.

आरंभ मालवा मिल चौराह्यापासून करू. मुंबईकर ज्याला गिरणी म्हणतो त्याला आम्ही इंदूरकर मिलच म्हणतो आणि नाक्याला चौराहा. शुद्धलेखनाच्या तासाला आम्ही स्वतः ते शब्द दुरुस्त करीत असलो तरी येथे ते तसेच राहू द्यावेत. या चौराह्यावर भाजीची मंडई आहे, मोबाइलची दुकाने आहेत, पोहे-जिलबीच्या गाड्या आहेत. नाही ती फक्त मिल. पुढे रिक्षावाल्याला सांगावे, 'राजकुमार मिलच्या पुलावर सोड', तर तो सोडतो, पण तेथेही मिल नसते. 'भंडारी मिल' म्हणावे तर तीही नाही. या भागातील पत्ते अजून मिलांच्या नावाने चालतात आणि टपालही बिनचूक पोहोचते. मिलच्या काळात जन्मलाही नव्हता असा पोरगा 'आमचे घर कल्याण मिलच्या मागे' असे बिनदिक्कत सांगतो.

या मिला येथे का आल्या, याचे उत्तर माळव्याच्या काळ्या मातीत आहे. कापूस दाराशी पिकत होता. दुसरे तुकोजीराव होळकर हे मोठे दूरदृष्टीचे अधिपती. इंदूरला रेल्वे यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने एकशेएक वर्षांच्या मुदतीचे एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. इंग्रजाला कर्ज देणारा संस्थानिक विरळाच म्हणायचा! त्यांच्याच कारकिर्दीत, १८७० च्या आसपास, संस्थानच्या मालकीची कापडाची मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत खाजगी भांडवल पुढे आले आणि मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल अशा मिला एकामागून एक निघाल्या. संस्थानची जुनी मिल पुढे भंडारींकडे गेली. सेठ हुकुमचंदांना लोक 'कॉटन किंग' म्हणत. आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो ते काचमंदिर त्यांचेच.

मिला आल्या तशी माणसे आली. अवध आणि बुंदेलखंडातून आलेल्यांच्या वस्तीला परदेशीपुरा हे नाव पडले. खानदेशातून, वऱ्हाडातून आणि नागपूरकडून मराठी बोलणारी कुटुंबेही आली. त्यांत कोष्टी होते, दलित होते, कुणबी होते. होळकरांच्या दरबारी नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घराण्यांचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला, शताब्दीचे विशेषांक काढले. ज्यांनी साच्यांवर आणि रिंगांवर उभे राहून आयुष्य घालवले त्या मराठी घरांचा इतिहास मात्र आपल्या मासिकांत क्वचितच आला. ती माणसेही आपलीच, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

पुढे नंदानगर लागते. गुलझारीलाल नंदांच्या नावाने वसलेली ही कामगारांची वसाहत. कामगार चळवळीतून पुढे आलेले व्ही. व्ही. द्रविड यांचे नाव या भागातील जुनी माणसे अजून आदराने घेतात. दुसऱ्या बाजूस होमी दाजींचे नाव निघते. लाल बावट्याच्या या पारशी पुढाऱ्याला १९६२ साली मिल कामगारांनी अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवले होते. नंदानगरात कामगार राज्य विमा योजनेचे इस्पितळ आहे. मिलमध्ये कायम असलेल्या माणसाचा आजार म्हणजे विम्याचे कार्ड आणि हे इस्पितळ, म्हातारपण म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, दिवाळी म्हणजे बोनस. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत नाव लिहिताना विचारी, 'कोणत्या मिलमध्ये?' त्या एका उत्तरावर महिनाभराचे धान्य घरी येई, त्याच उत्तरावर मुलीची सोयरीकही जुळे. भोंग्यावर साऱ्या वस्तीची घड्याळे चालत. शाळेची घंटा पाच मिनिटे पुढे-मागे झाली तरी कुणाची तक्रार नसे, भोंगा मात्र चुकत नसे.

हे वर्णन वाचून तो सुवर्णकाळ होता असा कुणाचा समज होऊ नये. कापसाचे तंतू छातीत जाऊन खोकणारी माणसे आम्ही लहानपणी पुष्कळ पाहिली. सूत तुटू नये म्हणून विणाई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. मे महिन्यात त्या दमटपणात आठ तास उभे राहणे म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. शिवाय 'बदली' कामगार होते. कुणी कायम माणूस रजेवर गेला तरच त्यांना काम मिळे. ते रोज दारापाशी येत आणि पुष्कळ वेळा तसेच परत जात. वर्षानुवर्षे बदली राहून कपाळ पिकलेली माणसे होती. तरीही त्या बदली माणसाला एक आशा होती, की आज ना उद्या आपण कायम होऊ. ती आशा मिलच्या भिंतीआड खरोखर अस्तित्वात असलेल्या एका जागेची होती.

मिला एका दिवसात बुडाल्या नाहीत. यंत्रे जुनी झाली होती आणि नफा नव्या यंत्रांत न घालता मालकांनी इतरत्र नेला. बऱ्हाणपूर, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तेच कापड स्वस्तात निघू लागले, कारण तेथे ना विमा ना निधी. सिंथेटिक धाग्याने सुती कापडाची मागणी खाल्ली. आजारी मिला १९७४ च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या. इंदूरच्या मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या तिन्ही त्यांत होत्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे सर्वांना माहीत आहे. इंदुरात तसा संप झाला नाही, तरी शेवट तोच झाला. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. सरकारी मिलांनी चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत कामगारांना ऐच्छिक निवृत्तीचे पैसे देऊन दारे लावली. ग्वाल्हेरच्या वाचकांनी बिर्लानगरातील जे. सी. मिल आठवावी, उज्जैनच्या वाचकांनी आपल्या मिला आठवाव्यात; माळवा-ग्वाल्हेरच्या साऱ्या पट्ट्यात ही एकच कथा आहे.

त्यानंतर काय झाले, ते आम्हांला कोणत्याही अहवालापेक्षा आमच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतून अधिक कळले. या नोंदवहीत 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. जुन्या वह्यांतून या रकान्यात पानेच्या पाने एकच शब्द आहे: 'मिल मजदूर'. काही ठिकाणी तर लिहिणाऱ्या गुरुजींनी कंटाळून वरच्या ओळीखाली 'तदेव'च्या खुणा केल्या आहेत. १९९२ पासूनच्या वहीत त्या खुणा विरळ होतात. मग 'हम्माल', 'ठेला', 'चौकीदार', 'रंगाई-पुताई', 'प्रायव्हेट' असे शब्द येतात, आणि पुढे पुढे नुसते 'मजदूर'. 'मिल' हा शब्द गळाला तेवढाच. विशेष म्हणजे आईच्या व्यवसायाच्या जागी पूर्वी ठसठशीत 'गृहकार्य' असे. तेथे हळूहळू 'सिलाई', 'झाडू-पोछा', 'पापड' दिसू लागतात. खारीज होण्याच्या कारणांचा रकाना आम्ही फार वेळ वाचू शकलो नाही. सातवी-आठवीतून नाव कमी झालेल्या मुलांसमोर 'अनुपस्थित' एवढेच लिहिलेले आहे. ही अनुपस्थित मुले कोठे उपस्थित होती, ते त्या काळी सियागंजच्या घाऊक बाजारात किंवा एखाद्या हॉटेलाच्या मोरीपाशी गेल्यास समजले असते.

त्या मुलांची मुले आज आमच्याकडे शिकतात. परदेशीपुऱ्यात आता तयार कपड्यांचे संकुल आहे आणि शेजारी इलेक्ट्रॉनिक्सचे. शहरात काम नाही असे कुणी म्हणू नये. पीथमपूरला १९८० नंतर कारखाने आले, मोटारी बनू लागल्या. पहाटेच्या बसगाड्या भरून माणसे तिकडे जातात. परंतु त्यांतील पुष्कळांचा मालक कारखाना नसून ठेकेदार आहे. तयार कपड्यांचे कापड संकुलात कापले जाते. शिलाई, काज-बटण आणि धागे तोडणे हे काम गाठोड्यांत बांधून घरोघर जाते. मजुरी नगावर. घरातील बाई भाकऱ्या आटोपून मशिनीवर बसते, म्हातारी सासू धागे तोडते आणि शाळेतून आलेली नात दप्तर बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसते. मशीन त्या बाईचे, दोरा बहुधा तिचा, वीज तिची, जागा तिची, आणि शिवण चुकली तर कापलेले पैसेही तिचेच. एका तऱ्हेने पाहिले तर मिलच आता घरात आली आहे. सोबत विमा आणि निधी तेवढे आलेले नाहीत. पावसाळ्यात मागणी मंदावते तेव्हा गाठोडे येत नाही, आणि ते का आले नाही हे विचारायला दार नसते.

दारिद्र्य म्हणजे काय, हे मोजण्याच्या कामी आपल्या मराठी अर्थशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पोटाला पुरेल इतक्या उष्मांकांचा हिशेब करून, १९६०-६१ च्या किमतींनी माणशी दरमहा खेड्यात १५ आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान मर्यादा त्यांनी धरली. तिच्याखाली खेड्यांतील सुमारे ४० टक्के माणसे येत होती आणि शहरांतील सुमारे ५० टक्के. शहरातला गरीब हा संख्येने नव्हे, पण प्रमाणाने अधिक, हे वाचून त्या वेळी पुष्कळांना नवल वाटले असेल. पुढे सुरेश तेंडुलकरांच्या समितीच्या रीतीने २०११-१२ साठी शहरातली रेषा माणशी दरमहा १००० रुपयांवर आली आणि रोजच्या ३२-३३ रुपयांत कोण जगतो म्हणून देशभर गहजब झाला. रंगराजन समितीने ती १४०७ वर नेली. आम्ही गणिताचे नव्हे, मराठीचे विद्यार्थी, त्यामुळे रेषा कोठे ओढावी हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. एवढे मात्र आम्ही रोज पाहतो, की आमच्या शाळेतील पुष्कळ घरे या रेषेच्या वरही राहत नाहीत आणि खालीही राहत नाहीत. ती महिन्यातून दोनदा ती ओलांडतात. गाठोडे आले की वर, ताप आला की खाली. मिलच्या पगारात पैसे थोडे असतील, पण ते कोणत्या तारखेला येणार हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे.

याहून गरीब माणूस पाहायचा असेल तर सकाळी मजूर चौकात उभे राहावे. शहरात असे चौक अनेक आहेत. झाबुआ, अलीराजपूर आणि धारकडचे भिल्ल-भिलाले स्त्री-पुरुष तेथे थैल्या आणि फावडी घेऊन उभे असतात. मोटारसायकल थांबते, दहा जण धावतात, दोघे जातात. आजच्या उंच इमारती ज्यांच्या डोक्यावरून वर गेल्या ती ही माणसे. त्यांची मुले आमच्या पटावर येतात आणि बांधकाम संपले की जातात. होळीच्या आधी भगोऱ्याचे बाजार भरू लागले, की आमचे दोन वर्ग अर्धे रिकामे होतात. वरिष्ठ कार्यालय उपस्थितीची टक्केवारी मागते. आम्ही ती पाठवतो. भगोरिया असा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही. दहा वाजेपर्यंत चौकात कुणी नेले नाही तर माणूस परत झोपडीत जातो. त्या दिवशी त्याच्या नावे बेकारीही मांडली जात नाही, कारण तो नोकरीत होता असे म्हणणारा कागदच कुठे नसतो.

कागदाचे महत्त्व किती, ते हुकुमचंद मिलच्या कामगारांनी दाखवून दिले. मिल बंद झाली तेव्हा तिच्या पटावर ५,८९५ कामगार होते. त्यांचे देणे थकले, मिल अवसायनात गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २००७ साली न्यायालयाने कामगारांचे २२९ कोटी रुपयांचे देणे मान्य केले. त्यातला काही भाग मधल्या काळात मिळाला. रविवारी मिलच्या दाराशी जमणारी म्हातारी माणसे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे. दर वर्षी त्यांत काही कमी होत आणि त्यांच्या जागी विधवा किंवा मुलगा येऊन उभा राही. दोन हजारांहून अधिक कामगार वाट पाहता पाहता गेले. शेवटी राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने जमिनीचा व्यवहार मार्गी लावला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायकांकडे सुपूर्त झाला. लाभ सुमारे ४,८०० कुटुंबांना व्हायचा होता. त्या दिवशी वस्तीत फटाके वाजले. आम्ही सातवीच्या वर्गाला ते उदाहरण म्हणून घातले: भागाकार करा. सरासरी माणशी चार लाख सहासष्ट-सदुसष्ट हजार आले. मग एका मुलीने आपण होऊन त्याला बत्तीसने भागले आणि पुन्हा बाराने. महिन्याला बाराशे पंधरा रुपये. तिने फळ्यावरच्या आकड्याकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, 'सर, व्याज धरायचे का?' तिच्या आजोबांचे नाव त्या यादीत होते. घेण्यासाठी आजी गेली.

बंद मिलच्या त्या आवारात तीस वर्षांत झाडे वाढली आणि ते एक छोटेखानी रानच झाले. ते रान आता तोडू नये म्हणून शहरातील काही मंडळी उभी राहिली, हे चांगलेच झाले. फक्त एक म्हातारा कामगार आमच्याशी बोलताना हसून म्हणाला, 'गुरुजी, झाडांसाठी लोक लवकर जमले.'

इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले आहे. त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. पाहुण्याने चॉकलेटचा कागद रस्त्यावर टाकला तर आम्ही त्यास उचलायला लावतो. पण या स्वच्छतेची परंपरा किती जुनी, हे थोड्यांना ठाऊक असेल. शंभर वर्षांपूर्वी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरात आले होते. प्लेगचे ते दिवस. त्यांनी दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली आणि जे मोहल्ले झाडून-सारवून स्वच्छ होतील त्यांतूनच ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता. १९१८ साली त्यांनी होळकर दरबारास जो अहवाल दिला त्यात मिल कामगारांनी कोठे आणि कशा घरांत राहावे, याचाही विचार केला आहे. पुढे झोपडवस्त्यांतून गटारे, रस्ते आणि पाणी नेणारी एक योजना येथे झाली आणि तिला १९९८ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पहाटे कचऱ्याची पिवळी गाडी गाणे वाजवीत आपल्या दाराशी येते, तेव्हा तिच्यामागे ओला-सुका कचरा निवडणारे हात या मिल भागातले किंवा अशाच वस्तीतले असतात.

मिरवणुकीवरून अनंत चतुर्दशी आठवली. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हुकुमचंद मिलच्या कामगारांनी गणपतीच्या विसर्जनाला देखावे काढायला आरंभ केला. मग प्रत्येक मिलची झांकी निघू लागली आणि त्यांत चुरस लागली. मिलाच बंद झाल्या तेव्हा झांक्याही बंद पडणार, असे सर्वांनी धरले होते. तसे झाले नाही. मिल नाही, मालक नाही, पगारातून कापली जाणारी वर्गणी नाही; तरी म्हातारे कामगार दारोदार हिंडून, शहरातील संस्थांपुढे आणि पुढाऱ्यांपुढे हात पसरून दरसाल पैसे उभे करतात. २०२० आणि २०२१ ही साथीची दोन वर्षे वगळली तर खंड पडलेला नाही. चिमणबाग, जेल रोड, कृष्णपुरा, नंदलालपुरा, जवाहर मार्ग या वाटेने दिव्यांनी लखलखलेल्या गाड्या रात्रभर राजवाड्याकडे सरकत असतात, पुढे आखाड्यांचे पट्टेबाज आणि गाडीवर पाटी: 'मालवा मिल', 'कल्याण मिल', 'राजकुमार मिल'. ज्यांचे दार उघडत नाही त्या कारखान्यांची नावे त्या एका रात्री पूर्ण प्रकाशात वाचता येतात. अर्धे इंदूर तेव्हा रस्त्यावर असते, आपली मराठी मंडळीही असतात. पण आपण बसतो राजवाड्यापाशी, जेथे झांकी पोहोचते. जेथून ती निघते तेथे आपण जात नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढच्या अनंत चतुर्दशीला दुपारी दोन-तीनच्या सुमारास भंडारी मिलच्या बाजूने या. गाड्या तेव्हा सजत असतात. तारा जोडणे, पुठ्ठ्याच्या हत्तीला रंग देणे, यांत्रिक मान नीट हलते की नाही ते पाहणे चाललेले असते. साठी-सत्तरी ओलांडलेले दोघे-तिघे तेथे हमखास भेटतील. रिंग खात्यात होतात की विणाई खात्यात, एवढे त्यांना विचारा. पुढचे विचारावे लागणार नाही. त्यांतले एक-दोघे मराठीत उत्तर देतील. चहा आमच्या शाळेच्या ओट्यावर मिळेल. सुट्टी असली तरी किल्ली आमच्याजवळच असते.